‘आमच्या घरात सगळंच दुरुस्तीला जातं’

ताई नमस्कार,

मी इचलकरंजीची. आमचे स्वतःचे आठ साधे माग होते, मजुरीवर कापड काढायचो. दोन वर्षं झाली धंदा बसलाय, सुताचा दर कधी वर कधी खाली, कापडाला उठाव नाही, लाइट बिल मात्र थांबत नाही. मागच्या पावसाळ्यात चार माग भंगारात काढले आणि मिस्टर आता दुसऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला जातात. मोठा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. त्याला सांगितलं माग दुरुस्तीला गेलेत. माझी बोरमाळ बँकेत गहाण ठेवली तेव्हा सांगितलं सोनाराकडं दुरुस्तीला दिलीय. सायकल दिवाळीला घेऊ म्हटलं, मग पाडव्याला, मग शाळा सुरू झाली की. त्याच्या गल्ल्यातले चौदाशे रुपये न विचारता काढले. फायनान्सवाल्याचा फोन आला की मिस्टर त्यालाच उचलायला लावतात, ‘पप्पा घरात नाहीत म्हणून सांग’. दुकानात उधारी आणायला पण तोच जातो. एक दिवस त्यानं आमचेच माग भंगारवाल्याच्या दारात हातोड्यानं फोडताना बघितले. घरी येऊन एक शब्द बोलला नाही. आता काहीही सांगितलं की हसतो आणि म्हणतो, आमच्या घरात सगळंच दुरुस्तीला जातं. मी दोन दिवस माहेरी निघाले तर विचारलं, मम्मी तू पण दुरुस्तीला चाललीस काय? परवा गादीखाली वही सापडली, त्यात तारीख टाकून कोण काय म्हणालं ते लिहिलंय आणि पुढं बरोबरची खूण नाहीतर फुली. फुल्याच जास्त. माझ्या नावापुढं चार-पाच बरोबर आहेत, ‘शनिवारी मिसळ करते म्हणाली’ असल्या गोष्टींच्या. मिस्टर म्हणतात वही फाडतो, बापावर पाळत ठेवतो. सासूबाई म्हणतात लेकरांना घरातलं सांगायचं नसतं. शाळेत बाईंनी फी राहिलेल्यांची नावं वर्गात वाचली तर हा उठून म्हणाला, तुम्ही पण लबाडच बोलणार, सहलीला नेणार होता ना. चिठ्ठी आली घरी. काय करू?

* * *

पहिल्यांदा वहीचं बोलू. फाडू नका आणि मिस्टरांना पण फाडू देऊ नका, पुढचं वाचायच्या आधी एवढं करा.

मागवाल्याच्या घरातलं पोर आहे ते. किती मीटर निघालं, पिकाला (कापडातल्या आडव्या धाग्याला) काय मजुरी लागली, व्यापाऱ्याकडं किती अडकलंय, हे सगळं वहीत लिहितात आणि जे लिहिलेलं नसतं ते बुडतं, हे त्यानं चालायला लागल्यापासून बघितलंय. तो पाळत ठेवत नाहीये ओ, येणं मांडून ठेवतोय. आणि तुम्हीच लिहिलंय की त्यात बरोबरच्या खुणा पण आहेत. ज्याचा सगळ्यांवरचा विश्वास खरंच उडालाय तो बरोबरची खूण कशाला करत बसेल, तो वहीच ठेवणार नाही. मिसळीची नोंद ठेवणारं पोर अजून तुमच्यावर भरवसा ठेवायला कारण शोधतंय, असं मला तरी दिसतं, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट तीच वाटली.

दुसरं जरा कडू आहे. त्याचं चुकलेलं नाहीये. ‘मोठी माणसं सांगतात ते होत नाही’ हा निष्कर्ष त्यानं तुमच्या घरात मागच्या वर्षभरात जे झालं त्यावरून काढलाय आणि तो बरोबर काढलाय. म्हणून त्याला बसवून ‘बाळा, आईबापावर विश्वास ठेवायचा असतो’ असं समजावू नका, त्याचीही तो तारीख टाकून नोंद करेल.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, सेलेस्ट किड नावाच्या संशोधक आणि त्यांचे सहकारी, २०१३ मध्ये छापून आला. ३ ते ५ वयाची २८ मुलं. मुलांना चित्र काढायला बसवलं आणि एक बाई म्हणाली थांब, मी यापेक्षा भारी रंग आणते. अर्ध्या मुलांना तिनं खरंच आणून दिले, अर्ध्यांना परत येऊन सांगितलं सॉरी, संपलेत. स्टिकरच्या बाबतीत परत तेच. मग समोर एक मऊ गोड खाऊ ठेवला, मार्शमॅलो म्हणतात तो, आणि सांगितलं की मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. ज्यांना आधी शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. आता या दुसऱ्या मुलांना आपण उतावळी, हट्टी, बेशिस्त म्हणू, पण त्यांचं काय चुकलं, ज्या बाईनं दोनदा टांग मारली तिच्या तिसऱ्या शब्दावर कोण थांबेल? तुमचा मुलगा तर वर्षभर थांबलाय, सायकलच्या तीन तारखा होईपर्यंत थांबलाय.

आणि हे काय तुमच्याच घरात पहिल्यांदा होतंय असं नाही. माझं सासर लालबागचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. माझे मिस्टर तेव्हा शाळेत होते. घरात एकच वाक्य, संप मिटला की. संप मिटला की नवा युनिफॉर्म, संप मिटला की गणपतीला गावी जाऊ. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, म्हणजे त्या वाक्यावर जगणाऱ्या पोरांना कुणी ‘आता मिटला’ किंवा ‘आता नाही मिटणार’ असं सांगायलाच आलं नाही. मिस्टरांना सुट्टीला म्हणून गावी पाठवलं आणि जूनमध्ये तिथल्याच शाळेत नाव घातलं. आजसुद्धा माणूस बँकेचा मेसेज आल्याशिवाय पगार झाला असं म्हणत नाही आणि कुणी ‘बघू नंतर’ म्हटलं की ताटावरून उठतो. सासऱ्यांना मी यात दोष देत नाही, त्यांना स्वतःलाच खरं वाटत होतं की मिटेल. (त्या संपानंतर गिरण्यांचं कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडं सरकलं, म्हणजे लालबागच्या घरातलं गेलेलं काम तुमच्याकडं आलं, आणि आता तुमच्याकडून पण चाललंय. हे आपलं सहज आठवलं म्हणून.) पण माझे मिस्टर एक गोष्ट नेहमी सांगतात, उपाशी झोपल्याचं एवढं लागलं नाही जेवढं सुट्टीला म्हणून पाठवल्याचं लागलं.

तर आता काय करायचं.

मागांचं खरं त्याला त्याच्या वडलांनी सांगायला पाहिजे. तुम्ही नको. तुमचं आणि त्याचं अजून थोडंफार जमतंय, फुल्या जास्त कुणाच्या नावापुढं आहेत ते तुम्हाला माहितीय. तुमच्या मिस्टरांना हे जड जाणार, मला कळतंय, आठ मागांचा मालक दुसऱ्याच्या हाताखाली बारा तास उभा राहतो आणि वर पोरापुढं कबूल करायचं. त्यांनी ‘दुरुस्तीला’ म्हणून सांगितलं ते पोरासाठी थोडं आणि स्वतःच्या लाजेसाठी जास्त, असं मला वाटतं, रागावू नका. त्यांना एवढंच सांगा की पोरानं माग फुटताना बघितलेत. त्याला बातमी द्यायची नाहीये, ती त्याच्याकडं तुमच्या आधी पोचलीय, त्याला फक्त हे बघायचंय की बाप कधी बोलतो.

सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर, शक्य असेल तर जे चार माग राहिलेत तिथंच त्याला घेऊन बसा. आणि साधं बोला. म्हणजे साधारण असं: ‘आपले चार माग मी विकले. भंगारवाल्यानं वजनावर घेतले. तुला दुरुस्तीला गेले म्हणून सांगितलं ते खोटं होतं. तू बघितलंस हे मला माहितीय.’ मग थांबा. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे लगेच जोडू नका, ते जोडलं की माफी राहत नाही, समजावणी होते. तो काही बोलणार नाही कदाचित. रडेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर विचारेल किती रुपये आले. किती आले ते सांगा की. त्याला मजुरी, सूत, बिल सगळं कळतं, मीटरमागं काय सुटायचं आणि आता काय सुटतंय हे मिस्टरांनी त्याच्यापुढं कागदावर मांडलं तर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरापेक्षा चांगलं कळेल, आणि मुख्य म्हणजे त्याला हे कळेल की पप्पांनी काही घोळ केला म्हणून माग गेले नाहीत. पोरांच्या मनात हे पण असतं. खरं कारण कुणी सांगितलं नाही की ती स्वतःचं कारण तयार करतात, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. तुम्ही माहेरी निघाल्यावर त्यानं जे विचारलं ना, त्यात टोमणा थोडा होता, भीती जास्त होती. जी वस्तू या घरातून ‘दुरुस्तीला’ जाते ती परत येत नाही, एवढं त्याला पाठ झालंय. म्हणून बोरमाळीचं पण सांगून टाका, आणि पुढच्या वेळी माहेरी जाताना सोमवारी संध्याकाळी येते म्हणालात तर सोमवारी संध्याकाळीच या, एसटी चुकली तर फोन करा.

वही तुम्ही वाचलीय हे पण सांगा. हो, चिडेल. पण नाही सांगितलं आणि नंतर कळलं तर ती आणखी एक फुली, आणि ती तुमच्या नावापुढं. वही त्याला परत द्या आणि म्हणा तू लिहीत जा, आम्ही परत न विचारता उघडणार नाही.

चौदाशे रुपये. हे मला सगळ्यात जास्त लागलं खरं सांगू का, कारण बाकी सगळं तुमचं होतं, हे त्याचं होतं. भाऊबीजेचे, मामानं दिलेले, असले दहा-वीस साठवून झालेले पैसे. एकदम देऊ नका, तुम्हाला जमणारही नाही. त्याच्याच वहीत एका पानावर लिहा, पप्पा-मम्मी देणं १४०० रुपये, खाली दोघांच्या सह्या, आणि आठवड्याला पन्नास द्या. वीस झेपत असतील तर वीस द्या. पण ज्या दिवशी ठरलंय त्या दिवशी, त्यानं मागायच्या आधी. दिले की त्याच्यासमोर वजा करा. एखाद्या आठवड्याला नसतील तर आदल्या दिवशी सांगा की उद्या जमणार नाही. माणूस देणं आहे म्हणतो आणि फेडतो, हे त्याला एकदा डोळ्यानं बघू दे.

सायकलबद्दल सरळ नाही म्हणा. ‘या वर्षी सायकल होणार नाही. पुढचं मला आत्ता सांगता येत नाही, सांगता आलं की मीच सांगेन.’ बस. बघू, करू, देव देईल, हे सगळं महिनाभर बंद. अकरा वर्षांचं पोर ‘नाही’ पचवतं. ते ‘बघू’ मध्ये कुजतं. आणि त्या बदल्यात छोट्या गोष्टी कबूल करा ज्या हातात आहेत, ती मिसळच घ्या की, सकाळी पाळीवरून आल्यावर मिस्टर त्याला दहा मिनिटं चौकापर्यंत सोडायला जातील, असलं काहीही, ज्याला पैसा लागत नाही आणि जे चुकवायला सबब पण लागत नाही.

फोनचं आजपासून थांबवा. उद्यापासून नाही. लेकराच्या तोंडून खोटं बोलवायचं आणि मग ते खोटं बोलतं म्हणून शाळेची चिठ्ठी आली की मारायचं, हे जमत नाही. वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकलेल्या हप्त्यासाठी फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, घरच्यांना त्रास हे चालत नाही. फोन मिस्टरांनी स्वतः उचलावा, आत्ता इतकेच भरू शकतो असं सांगावं आणि कंपनीला लेखी द्यावं की हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. ऐकतीलच असं नाही, पण लेखी गेलेलं बरं. त्रास देत असतील तर कॉलची वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी त्या कंपनीकडंच तक्रार द्या आणि महिन्यात काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन करता येते, फुकट असते. (हिशोब ठेवायला घरात एकजण हुशार आहेच, पण हे काम त्याला देऊ नका.)

उधारीला त्याला पाठवता त्याचं कारण तुम्ही लिहिलं नाहीत पण मला माहितीय, सगळ्यांनाच माहितीय, लहान पोराला दुकानदार तोंडावर नाही म्हणत नाही. पण मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापुढं वही काढून ‘मागचे कधी देणार विचार घरी’ म्हणतो की नाही? ते ऐकून घेऊन पोर साखर घेऊन येतं आणि तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही जा. नाहीतर मिस्टर जाऊ देत.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, त्या म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. पोरांना सगळं सांगायचं नसतं. एकूण कर्ज किती, कुठला भाऊ पैसे बुडवून बसलाय, रात्री तुम्ही दोघं काय बोलता, यातलं काहीही त्याच्या डोक्यावर घालायचं नाही. तो तुमचा भागीदार नाही आणि तुमच्या रडायची जागा पण नाही. त्याला एवढं लागतं की माग का गेले, आपण याच घरात राहणार का, माझी शाळा तीच राहणार का, जेवण मिळणार का, आणि तुम्ही दोघं कुठं जाणार नाही ना. यातलं जे नक्की आहे ते नक्की म्हणून सांगा, जे नाही ते नाही म्हणून सांगा. सासूबाईंना म्हणा आई, सांगायचं नसतं हे बरोबर, पण खोटं पण सांगायचं नसतं ना. बघा काय म्हणतात.

ग्लेन एल्डर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकातल्या अमेरिकन महामंदीत वाढलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला होता, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कलीच्या. त्यात दिसलं ते असं की पैसा गेल्याचा मार मुलांवर बराचसा घरातल्या वातावरणातून येतो, वडील चिडचिडे झाले, कधी काय करतील याचा नेम नाही, त्यातून. आणि जी मुलं मंदी आली तेव्हा जराशी मोठी होती, घरात ज्यांच्या हाताची खरी मदत झाली, त्यातली बरीच पुढं चांगली निघाली, अगदी लहान होती त्यांना जास्त जड गेलं, मुलग्यांना विशेष. तुमच्या मुलाला द्या काहीतरी खरं काम. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवा असं म्हणत नाहीये मी, ती बालमजुरी झाली. पण लाइट मीटरचं रीडिंग महिन्याला लिहिणं, गॅस कधी लावला त्याची तारीख, असलं काहीतरी, त्याला तसंही लिहायला आवडतंय. आणि धाकटं कुणी असेल घरात तर त्याला काही कळत नाही असं धरू नका.

शाळेचं राहिलं. बाईंना जे बोलला त्याची माफी त्यानं मागायची, त्यात सूट नाही, वर्गात बोलला तर वर्गात. पण आधी तुम्ही दोघं मुख्याध्यापकांना भेटा, फीचे हप्ते पाडून मागा, लेखी अर्ज द्या आणि त्याच अर्जात लिहा की मुलाचं नाव फीसाठी वर्गात वाचू नये. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीई २००९, मुलांचा मानसिक छळ करायला कलम १७ नं बंदी आहे आणि आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, कलम १६. ही कलमं पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका, बाई पण कुणाच्या तरी दबावाखाली यादी वाचत असतील. पण माहिती असू देत. आणि त्याला सांगा की आम्ही शाळेत जाऊन काय बोललो, त्याला बाहेरून कळायच्या आधी. शाळा बदलायची वेळ आली, महापालिकेच्या शाळेत घालायचं ठरलं, तरी ठरल्याच्या दिवशी सांगा. सुट्टीनंतर नाही.

तुमच्या मिस्टरांबद्दल एक. रात्रपाळी, कर्ज, गेलेला धंदा, आणि घरात कुणाशी बोलत नाहीत असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. ‘माझं आता काय खरं नाही’, ‘मी गेलो की सुटाल’ अशी भाषा कधी कानावर आली तर ती रागातली म्हणून सोडून देऊ नका, सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का. असं विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. मुलाची झोप उडाली, शाळेला जायलाच नको म्हणतो, खाणं लपवून ठेवायला लागला असं काही दिसलं तरी तोच नंबर.

हे सगळं केलं तरी महिना-दीड महिना काही फरक दिसणार नाही, उलट तो जास्त तपासेल. पन्नास रुपये खरंच देतात का, सोमवारी खरंच येते का. तपासू दे. चिडू नका, आणि ‘आता तरी विश्वास बसला का’ हे विचारू नका. वहीत डोकावू नका. फीच्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, शिक्का मारून.